जर्मन न वाटणारं घर

जर्मनी बघायला ब्राझीलला जावं, हे कुणी सुचवलं तर हसू नका. आम्ही गेलो. नवरा मूळचा पाचोडचा, नोकरी शेंद्र्याच्या कारखान्यात. कंपनीने त्याला महिनाभर साओ पावलोला पाठवलं आणि मी स्वखर्चाने त्याच्यामागे शेपूट होऊन गेले. शेवटचे तीन दिवस दक्षिणेतल्या एका छोट्या गावासाठी काढले. गावाचं नाव देत नाही. तिथल्या एका बाईंना माझ्यामुळे आधीच पुरेसा त्रास झालाय. जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस वेळेत टोचून घ्या, परतताना दाखला मागतात.

विमानाने तासभर, पुढे बसने दोन तास. रस्ता चांगला, दुतर्फा केळीच्या बागा. मग अचानक उतरत्या छपरांची घरं. बर्फ घसरून पडावं म्हणून छप्पर उतरतं. बाहेर ऊन आपल्या बिडकीनसारखं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी आलेल्या जर्मन शेतकऱ्यांनी भिंतीत उघड्या दिसणाऱ्या लाकडी वाशांच्या चौकटीत विटा भरून घरं बांधली. त्यांची आठवण म्हणून आता पेट्रोल पंपावर, सुपरमार्केटवर, बसथांब्यावरही तपकिरी वासे आहेत. नवऱ्याने थांब्याचा वासा टकटक वाजवला.

"प्लास्टिक हाय."

आमचा मुक्काम हिल्डा आजींकडे. ऐंशीच्या पुढच्या, खाली स्वतः राहतात, वरच्या तीन खोल्या पाहुण्यांना. साध्या पांढऱ्या भिंतीचं, बिनवाशांचं गावातलं बहुधा एकमेव घर. नाश्त्याला साखरेचा चुरा घातलेला केळ्याचा केक, सॉसेज आणि आंबवलेला कोबी.

"असला कोबी आमच्यात म्हशीला घालत्यात," म्हणत नवऱ्याने दुसऱ्यांदा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या पर्यटन खिडकीवर दोघांना मुक्कामाच्या घराला गुण द्यायचा एकेक फॉर्म मिळाला. गुण कमी पडले तर घर 'वारसा मार्गा'च्या नकाशावरून जातं, म्हणजे पाहुणे जातात. प्रश्न होता: या घरात राहून जर्मनीत आल्यासारखं वाटलं का? मी 'नाही' लिहिलं.

"अगं, व्हय म्हण की. तुला काय जर्मनी ठावं?"

"म्हणूनच नाही."

"मी तर लिवलं, लई वाटलं. दोनदा जाऊन आलोय म्हणून."

त्याच्या पासपोर्टवर हा पहिलाच शिक्का. दोन्ही फॉर्म पेटीत पडले आणि त्याच्या खोटेपणाबद्दल मी त्याला दुपारभर ऐकवलं.

संध्याकाळी आजी बोलायला बसल्या. नात बियांका इंग्रजीत सांगत होती. महायुद्धाच्या काळात ब्राझील सरकारने जर्मन बोलायलाच बंदी घातली. शेजारी शेजाऱ्याची चुगली करायचा. आजींच्या वडिलांनी पुस्तकं चुलीत घातली आणि घराचे वासे दिसू नयेत म्हणून दोन दिवसांत साऱ्या भिंतींना गिलावा केला. गावातले खरे वासे त्या पांढऱ्या भिंतीच्या आत आहेत.

"मग गिलावा काढत का नाही?"

"बाबांनी हाताने थापलाय," आजी म्हणाल्या. एवढंच.

माझ्या आजोबांचं सगळं शिक्षण उर्दूतलं. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर त्यांनी आम्हा नातवंडांना त्यातलं एक अक्षर दाखवलं नाही. मी त्यांना विक्षिप्त म्हणत आले. आजींसमोर बसल्याबसल्या मला माझा फॉर्म आठवला.

सकाळी पर्यटन खिडकीवर गेले. भरतकामाच्या जर्मन पोशाखातल्या बाईंना म्हटलं, माझा फॉर्म परत हवाय.

"पेटी समितीच उघडते. मत प्रामाणिक होतं ना?"

"होतं."

"मग अडचण काय?"

मी परत फिरले. बस सुटायच्या आधी आजींना सगळं कबूल केलं. बियांकाचा चेहरा पडला. आजी मात्र पोट धरून हसल्या. "मीही 'नाही'च लिहिलं असतं. मी कुठं पाहिलीय जर्मनी?"

घरी आल्यावर लोक विचारतात, काय काय पाहिलं? मी केकबद्दल सांगते. तोच फॉर्म पुन्हा समोर आला तर काय लिहीन, मला माहीत नाही. खरं लिहिण्याचा मला जो अभिमान आहे, त्याचं भाडं दुसऱ्या कुणीतरी भरलं.

गेल्या आठवड्यात बियांकाचा फोटो आला. घर नकाशावर राहिलंय. पांढऱ्या भिंतीवर आडवे-तिरपे तपकिरी प्लास्टिकचे वासे, दारात नवा एप्रन घातलेल्या आजी. मला वाईट वाटू लागलं. नवऱ्याने फोन ओढून घेतला, फोटो मोठा केला आणि बराच वेळ भिंत न्याहाळली.

"नीट बघ. आजीनं नुसतं चिकटवलंय," तो म्हणाला. "गिलाव्यात खिळा एक बी नाय मारला."