तीन महिने गप्प

वडील चेन्नईच्या साऊकारपेठेत गलाईचं काम करायचे. सोनं ॲसिडात घालून शुद्ध करायचं; तांबूस धूर निघायचा. त्याच खोलीत पडद्यामागे आमचा संसार. माझ्याआधी आईची दोन मुलं पोटातच गेली. सगळ्यांनी नशिबाला दोष दिला, धुराला कुणी दिला नाही.

मी घरातली पहिली पदवीधर. शिकले तेही भूल देण्याचं तंत्र. चेन्नईतल्याच एका इस्पितळात भूल डॉक्टर देतात, यंत्र मी सांभाळते. हे मी मान वर करून सांगते.

मला दिवस राहिले तेव्हा आईने बजावलं, "तीन महिने कुणापाशी बोलायचं नाही. दृष्ट लागते." आणि एवढी शिकलेली मी, गप्प बसले.

लहान मुलांना मास्कने भूल देतात. मूल रडतं, मान फिरवतं, गॅस निसटतो. तो गोडसर वास आला की मी श्वास रोखायची. पण किती वेळ रोखणार? दुसऱ्या महिन्यात पाहिलं तर वापरलेला गॅस बाहेर नेणारी नळी सुटून लोंबत होती. कधीपासून, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ती बसवली, वहीत तक्रार लिहिली. स्वतःचं मात्र सांगितलं नाही. वेलचेरीला घरी जाताना शेअर ऑटोत रोज बोटांवर आठवडे मोजायची; कुठल्या आठवड्यात काय घडतं ते पाठ होतं.

एक दिवस भुलीच्या डॉक्टरीणबाईंनी हटकलं, "एन्नम्मा, काय गं, तोंड का फिरवतेस? नवऱ्यावरचा राग माझ्यावर काढतेस?"

मला रडूच फुटलं. सगळं सांगितलं.

"वेडी! हे पहिल्याच आठवड्यात सांगायचं. नळी नीट असली तर भीती फारशी नसते."

"आणि नसली तर?"

"तेव्हा गर्भ पडण्याचा धोका वाढतो म्हणतात. तुझ्या बाळाचं आज मी काहीच सांगू शकत नाही. उद्यापासून ऑपरेशन थिएटरच्या आत यायचं नाही."

घरी आई चिडली. "सांगून बसलीस? लागली आता दृष्ट!"

"आई, तुझी दोन कुणाच्या दृष्टीने गेली?"

ती भाजी निवडत राहिली. मान वर न करता म्हणाली, "धूर फार असायचा गं."

पाचव्या महिन्याच्या स्कॅनपर्यंत मला धड झोप नव्हती. पडद्यावर मी बाळाची बोटं मोजली, दोनदा.

मुलगी पूर्ण दिवसांची, धडधाकट झाली. आता आमच्याकडे रोज सकाळी ती नळी तपासून सही होते. दिवस राहिलेली बाई कळल्या दिवशीच सांगते आणि दुसऱ्या दिवसापासून तिला बाहेरचं काम मिळतं. हा नियम मी मागून घेतला.