सेकंदाला एक फोटो

आमचे मामा बस डेपोच्या कचेरीत व्हिडिओचे फोटो करतात. हे वाक्य मी आजवर बऱ्याच जणांना ऐकवलंय आणि प्रत्येकाने विचारलंय, "म्हणजे नक्की काय करतात?" मामीचं उत्तर तयार असतं. "हलणारी गोष्ट थांबवतात. घरातही तेच करतात."

काम तसं सोपं आहे. कुठे बस घासली, कुणी पडलं, की तिथल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मामांकडे येतं. चौकशी समितीतल्या साहेबांना रेकॉर्डिंग बघायला सवड नसते, त्यांना फाइलीत लावता येईल असा कागद लागतो. मग मामा त्या व्हिडिओचे सुटे फोटो काढतात, प्रत्येकाखाली वेळ टाकतात आणि एका पानावर सहा असे छापून देतात. एका सेकंदाच्या व्हिडिओत पंचवीस फोटो असतात. सुरुवातीला मामा पंचवीसच्या पंचवीस छापायचे. एका तुटक्या आरशापायी त्यांनी एवढा गठ्ठा पाठवला की साहेबांचा निरोप आला, "याचं काय करू, भिंतीला चिकटवू?" तेव्हापासून मामांनीच नियम केला, सेकंदाला एक फोटो. कागद वाचला, साहेब खूश, आणि डेपोत मामांचं नाव सेकंदमामा पडलं ते पडलंच. अकरा वर्षं झाली.

मामांना या कामाचा अभिमान होता. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि चेहऱ्यावर न्यायाधीशाचा भाव घेऊन ते घरी यायचे. "माणूस सांगतो ते त्याच्या सोयीचं," जेवताना त्यांचं व्याख्यान सुरू व्हायचं, "फोटोला सोय-बिय काही नसते." मामी म्हणायची, "मग फोटोशीच लग्न करायचं होतं."

गेल्या वर्षी लोणीची केस आली. लोणी हा एक ड्रायव्हर. गाडी इतकी मऊ चालवायचा की उभ्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळू नये, म्हणून हे नाव. भर दुपारी थांब्यावरून बस बाहेर काढताना मागून आलेला एक मोटरसायकलवाला तिला धडकला. विशीतला मुलगा, पाय दोन ठिकाणी मोडला. तो म्हणाला, बसने इंडिकेटर दिलाच नव्हता. लोणी म्हणाला, दिला होता. समोरच्या खांबावरच्या कॅमेऱ्यात नऊ सेकंदांची क्लिप सापडली. मामांनी नऊ फोटो काढले. नऊही फोटोंत बसचा दिवा विझलेला.

चौकशीच्या आदल्या दिवशी लोणी मामांच्या खोलीत आला.

"मामा, एकदा परत बघा ना. मी दिला होता हो. बावीस वर्षं झाली, हात आपोआप जातो तिकडे."

"अरे, मी कुठे काय ठरवतो? मशीन काढतं ते मी छापतो. नऊ फोटो आहेत, एकातही दिवा नाही."

"तरी पण, एकदाच..."

"बाबा रे, या खोलीत येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो."

हे सगळं मामांनी त्या दिवशी जेवताना नक्कल करून सांगितलं. आम्ही हसलो. "म्हणजे लोणी वितळलं म्हणायचं!" हा विनोद माझा. तो मला अजून आठवतो आणि आठवला की कुठे बघावं ते कळत नाही.

लोणीला स्टिअरिंगवरून उतरवलं आणि डेपोच्या मागे गाड्या धुण्याच्या कामावर टाकलं.

त्यानंतर आठ महिन्यांनी मामा कामावरून घरी येत होते. ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसले होते. एका थांब्यावर बस निघायला तयार, ड्रायव्हरने इंडिकेटर लावलेला, पण मागून गाड्यांची रांग काही संपेना. मामांना घाई होती, म्हणून ते हातातल्या घड्याळाकडे बघत होते. समोर इंडिकेटरचा हिरवा बाण उघडझाप करत होता. सेकंदकाटा पुढे उडी मारायचा तेव्हा बाण विझलेला. काटा थबकला की पेटलेला. परत उडी, परत विझलेला. मामांनी दहा-बारा उड्या मोजल्या. एकाही उडीला बाण पेटलेला सापडला नाही.

ते तिथेच उतरले आणि चालत डेपोत परत गेले.

जुनी क्लिप काढून त्यांनी या वेळी सगळे फोटो सुटे केले, सव्वादोनशे. पहिले बारा फोटो दिवा विझलेला. तेराव्यात, उन्हात जेमतेम दिसेल असा, टाचणीच्या डोक्याएवढा नारिंगी ठिपका. पंचविसाव्यापर्यंत तो ठिपका होता. सव्विसाव्याला गेला. पुढे प्रत्येक सेकंदाचं तेच, आणि मामांनी दर सेकंदाचा नेमका पहिला फोटो उचलला होता. सुरुवात अर्ध्या सेकंदाने पुढे केली असती तर नऊही फोटोंत दिवा पेटलेला आला असता.

तीन दिवस मामांनी घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. मामीला वाटलं, पोट बिघडलंय. तिने भात मऊ करायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी ताट पुढे ढकलून मामांनी सगळं सांगितलं.

"निवृत्तीला पाच महिने राहिलेत," ते म्हणाले. "आणि ही एक फाइल उघडली की अकरा वर्षांच्या सगळ्या फाइली उघडाव्या लागतील. प्रत्येक ठिकाणी मी सेकंदाला एकच काढलाय."

मी म्हणालो, "पण मामा, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं?"

"तो मला विचारायला आला होता रे. परत बघा म्हणाला होता."

मामीने ताट उचललं. "मग इथे भात चिवडत का बसलाय? तुम्ही उपाशी राहिलात म्हणून तो गाडीवर बसणारे का परत?"

दुसऱ्या दिवशी मामा छापलेले कागद घेऊन डेपोच्या मागे गेले. मला सोबत नेलं. लोणी गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून एका बसची चाकं धूत होता. मामांना बघून त्याने पाण्याचा पाइप बंद केला, शर्टाला हात पुसले.

मामांनी कागद दाखवून समजावलं. लोणीला पहिल्यांदा काही कळेना. मामांनी बोट ठेवून ठिपका दाखवला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा.

"म्हणजे दिला होता मी?"

"दिला होतास."

लोणीने कागद हातात घेतले. कागदाचा कोपरा ओला झाला.

"मामा, मी त्या मुलाच्या घरी जाऊन माफी मागून आलो. त्याच्या आईला म्हटलं, माझा हात विसरला." तो थांबला. "आधी मला पक्कं आठवत होतं हो. मग ते नऊ फोटो बघितले. घरी आणून रोज बघत होतो. बघून बघून आता मला दिल्याचं आठवतच नाही. न दिल्याचंच आठवतं."

"चुकलं माझं," मामा म्हणाले.

"परत बघा म्हटलं होतं मी तुम्हाला."

"हो."

"परत बघायला किती वेळ लागला असता?"

मामांनी मान खाली घातली. "नऊ सेकंद."

लोणीने कागद परत दिले, पाइप उचलला आणि पाणी सोडलं. आमच्या अंगावर उडू नये म्हणून तो वळून उभा राहिला, एवढं मात्र त्याने केलं.

डेपो मॅनेजरने मामांना खुर्चीत बसवून समजावलं. "सेकंदमामा, पाच महिने गप काढा ना. कुणी तक्रार केलीय का? तुम्हीच कशाला पायावर कुऱ्हाड मारून घेताय?" मामांनी खिशातून एक पेन काढलं आणि तिथेच अर्ज लिहिला. चूक मशीनची नाही, माझी आहे. ड्रायव्हरने विनंती करूनही मी क्लिप परत तपासली नाही. अर्ज वाचून मॅनेजर म्हणाला, "दुसरं वाक्य गाळलं तरी चालेल." मामा म्हणाले, "तेच खरं वाक्य आहे."

दीड महिना कागद इकडून तिकडे फिरले. मामांना ताकीद मिळाली आणि जुन्या फाइली पुन्हा तपासायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं. लोणीला गाडी परत मिळाली.

पहिल्याच आठवड्यात मामा मला घेऊन त्याच्या बसमध्ये चढले. लोणीने आम्हाला बघून मान हलवली. गाडी पूर्वीसारखीच मऊ चालत होती. पहिला थांबा आला, माणसं चढली-उतरली. लोणीने इंडिकेटर लावला. मग गाडी न हलवता मागे आवाज दिला, "लागलाय का रे? बघ."

कंडक्टरने खिडकीतून डोकावून सांगितलं, "लागलाय."

पुढच्या थांब्यावर परत तेच. त्याच्या पुढच्याही. "ड्रायव्हर नवशिका दिसतोय," मागून कुणीतरी म्हणालं, दोघं-तिघं हसले. एरवी मीही काहीतरी बोललो असतो.

पाचव्या थांब्यावर गर्दीत कंडक्टर मागे अडकला. लोणीने आवाज दिला, उत्तर आलं नाही. मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या तरी तो गाडी काढेना. पुढ्यातला बाण त्याला दिसत होता, पण त्याच्यावर त्याचा भरवसा नव्हता. मामा उठले, खिडकीतून मान बाहेर काढून बसच्या अंगावरचा दिवा बघू लागले.

"पेटलाय," ते म्हणाले. "आता विझला. परत पेटला."

"नक्की ना?" लोणीने मागे न वळता विचारलं.

"नक्की. मी बघतोय."

गाडी हळूच बाहेर निघाली. रस्त्याला लागून ती सरळ झाली तरी मामांनी मान आत घेतली नव्हती. शेवटी मीच त्यांचा शर्ट ओढून म्हणालो, "मामा, बसा आता."