ताडपत्रीखालची गाडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हे सांगताना मला अजूनही घाम फुटतो!

दुसरबीडला माझं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी बांधायचं, म्हणजे वाइंडिंगचं, दुकान. सीझन संपला, गिऱ्हाईक आटलं आणि गाडीचे तीन हप्ते थकले. वसुलीवाला फोनवर विचारायचा, "गाडी कुठं?" मी म्हणायचो, "बाहेरगावी!" गाडी घरामागे ताडपत्रीखाली.

त्यात बुलढाण्याला ग्राहकांच्या हक्कांवर एक भाषण ऐकलं. खरं सांगू? चहा फुकट होता म्हणून बसलो. पण छाती फुगली! गाडी न्यायला येणाऱ्याकडे ओळखपत्र पाहिजे, अधिकारपत्र पाहिजे, आधी नोटीस पाहिजे, दमदाटी चालत नाही. वा! मी तर कोणी येण्याचीच वाट पाहू लागलो.

एका सकाळी पाहतो तर काय, दोन अनोळखी माणसं ताडपत्री ओढून गाडीचं दार उघडताहेत! मी बनियनवरच धावलो आणि थेट बॉनेटवर चढून बसलो.

"हात लावू नका बे! ओळखपत्र कुठी हाय?"

"भाऊ, आम्ही तं..."

"तं-बिं काही नाही! अधिकारपत्र दाखवा! नोटीस दाखवा!"

गल्ली गोळा झाली. मग मी थांबतो होय? "हे तीन कागद ज्याच्यापाशी असतील, त्याले मी सोताच्या हातानं चाबी देतो!"

टाळ्या पडल्या हो!

तेवढ्यात बायको धावत आली. "अवो, काऊन वरडून राह्यले? हे नवरदेवाचे मामा हायेत! शेजारच्या लग्नासाठी गाडी मीच देली, चाबीबी मीच देली!"

आपल्याकडे दारात गाडी असली की ती नवरदेवाला लागतेच. मी गुपचूप खाली उतरलो.

गर्दीतून इस्त्रीच्या शर्टातला एक जण पुढे आला. सगळ्यात जोरात टाळ्या त्यानेच वाजवल्या होत्या. "लय छान बोलले साहेब," म्हणत त्याने बॉनेटवर एकेक कागद ठेवला. ओळखपत्र. अधिकारपत्र. नोटिशीची प्रत. नोटीस मीच सही करून घेतली होती आणि न वाचता दुकानाच्या फळीवर टाकली होती!

"दोन महिने झाले, गाडी सापडून नाही राह्यली," तो म्हणाला. "आज स्टँडवर चहा पेत होतो, तं तुमचा आवाज आला!"

आता शब्द फिरवू कसा? सगळ्या गल्लीसमोर मामांकडून चावी घेतली आणि त्याच्या हातात ठेवली. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? माणूस मात्र भला. आधी नवरदेवाला मांडवात सोडलं, मग फुलांसकट गाडी नेली.

संध्याकाळी मी उसनं अवसान आणून बायकोला म्हणालो, "पाह्य, सगळं नियमानं झालं बरं!"

"हाव," ती म्हणाली. "हक्क सांगत जा ना, पन जरा हळू सांगत जा!"