बिनमिठाची भुलाबाई

भुलाबाईची गाणी म्हणून झाली की खिरापतीचा झाकलेला डबा वाजवायचा आणि आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं, ही आमच्या अड्याळची रीत. माझी चौथीतली लेक त्यात पटाईत. ओळखते सगळं, खाता मात्र काही येत नाही. तिच्या किडन्या जवळजवळ गेल्यात. मीठ बंद, शेंगदाणे बंद, केळं बंद, पाणीसुद्धा मापून. नागपूरचे डॉक्टर पथ्य सांगतात तेव्हा मी मान डोलावते आणि घरी येऊन भांडी आपटते. भांड्यांचा काय दोष म्हणा.

गेल्या वर्षी मैत्रिणी मुठी भरभरून चिवडा खात होत्या आणि ही रिकामा हात फ्रॉकला पुसत उभी होती. मोहल्ल्यातल्या बायांनी ते पाहिलं. यंदा त्यांनी मला न विचारताच आपसात ठरवलं: घरोघरी एकच खिरापत, साखर लावलेल्या धानाच्या लाह्या. पहिल्या संध्याकाळी पोर लाह्या खात खात घरी आली, तेव्हा मला रडूच फुटलं. अशी माणसं मिळायला नशीब लागतं.

पण आठवडाभरात खेळातली मजाच गेली. डबा वाजायच्या आधीच पोरी ओरडायच्या, "लाह्या!" मग कंटाळल्या. एकेक पोरगी यायची बंद झाली.

एका संध्याकाळी लेक जागची उठेना.

"काहून वं, जात नाई का आज?"

"मी नाई जात. तू काकूले सांग, चिवडा करा म्हणा."

"अन् तू काय खाशीन?"

"माह्यासाठी साऱ्याइचा खेळ बिघडून राहिला ना, आई."

मी जाऊन शेजारणीला सांगितलं. तिचे डोळे भरून आले. "आमचं चुकलं का वं?" म्हणाली. कोणाचंच चुकलं नव्हतं. चुकलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या अंगणात पुन्हा कल्ला. एकीलाही ओळखता येईना, नुसता हशा. लेक आमच्या दारात बसून ऐकत होती, हसतही होती.

"मस्त चालू आहे ना, आई?" म्हणाली.

तिला जा म्हणायला माझी जीभ रेटेना. थांब म्हणायलाही रेटेना.