उंबऱ्यात बसणारे गुरुजी

आमचे गुरुजी कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्यात बसत. बाज टाकली, सतरंजी अंथरली, पोराला हाकलून खुर्ची रिकामी केली, तरी ते तिकडे बघत नसत. चपला बाहेर काढायच्या, टोपी मांडीवर ठेवायची आणि एक पाय घरात, एक पाय अंगणात असं ठाण मांडायचं. उंबऱ्यात बसू नये हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बसलेल्या माणसाला ओलांडून जाऊ नये हेही ठाऊक असतं. गुरुजींचा सगळा कारभार या दोन गोष्टींवर चाले. ते बसले की आतला माणूस आत आणि बाहेरचा बाहेर अडकून पडे.

"आता जायचं तर मला वलांडून जा," ते म्हणत. "न्हाईतर ऐका."

शिरूर कासारच्या पुढे, माळाच्या पोटाला आमचं गाव आहे. दसरा झाला की निम्म्याहून अधिक घरांना कुलपं लागतात आणि माणसं ऊस तोडायला जातात. मुलं मागे राहिली तर शाळेतल्या हंगामी वसतिगृहात जेवतात, झोपतात आणि शिकतात. बरोबर गेली तर ते वर्ष गेलं, आणि बहुतेकदा शाळाही गेली. म्हणून दसऱ्याआधी गुरुजी घर न् घर फिरत. घरच्या माणसाच्या तोंडून "ठिवतो" हा शब्द आल्याशिवाय ते उठत नसत. गावात म्हण पडली होती, गुरुजी आणि उधारीवाला वाणी, दोघांना दारातूनच वाटेला लावावं.

ते आमच्या उंबऱ्यात बसले तेव्हा मी सहावीत होते. दिवेलागण झाली तरी उठेनात. माझे वडील कावले. "गुरुजी, उठा आता. लक्ष्मी यायची येळ हाय, दार अडवू नका."

"लक्ष्मी आतच हाय की," गुरुजी माझ्याकडे बोट करून म्हणाले. "तिला तर तुमी ट्रकात घालून चाललाव."

वडिलांनी हातातला दोर खाली ठेवला. मग आईला म्हणाले, "हिचं अंथरूण बांधू नको." आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्या पदवीची सुरुवात कुठे झाली असं कुणी विचारलं तर मला कॉलेज आठवत नाही, आमचा उंबरा आठवतो.

शिकून मी मानधनावर शिकवायला त्याच शाळेत आले आणि त्याच वर्षी नवी चाचणी आली. सगळ्या राज्यात एकच पेपर. तो वरून छापून, पाकिटात बंद होऊन येणार. मुलांना नुसते गुण मिळणार नव्हते, एकेक पातळी मिळणार होती. पातळ्या चार. पहिली म्हणजे मूल अजून सुरुवातीला आहे, चौथी म्हणजे पुढच्या वर्गाला तयार आहे.

गावात भीती पसरली. वरच्या आळीतली एक बाई तर शाळेतच आली. "गुरुजी, पेपरात लेकरू नापास झालं तर राशनमधून नाव कटतंय म्हणं."

"तसं असतं तर माजं कवाच कटलं असतं," गुरुजी म्हणाले. "मी मॅट्रिकला दोनदा बसलोय."

पण ती गेल्यावर त्यांनी टोपी उचलली. "चला बाई. पोरांची तयारी वर्गात व्हईल, घरांची कोण करणार?" मी त्यांची विद्यार्थिनी, तरी शाळेत रुजू झाल्या दिवसापासून ते मला बाईच म्हणत.

घरांची तयारी म्हणजे काय ते मी त्या पावसाळ्यात पाहिलं. ते मुलाच्या आईला विचारत, "पेपरच्या दिवशी शेरडं कोण राखणार?" ती म्हणायची, बघू. गुरुजी टोपीची घडी नीट करत बसायचे. दिराचं, सासऱ्याचं, कुणाचं तरी नाव आल्यावरच पुढचा प्रश्न. त्या दिवशी सकाळी भाकरी कोण करणार? पोरगं वाचतं कुठं, दिवा कुठं हाय? मग चहाच्या पुड्याचा कागद मुलाच्या हातात द्यायचा आणि बापाला म्हणायचं, "इचार काय लिवलंय ते."

"मला कुठं वाचता येतंय गुरुजी?"

"तू वाचू नको. नुसतं इचार. त्यानं सांगितलं की मान हालीव."

बाप लाजत विचारायचा, मूल वाचायचं, बाप मान हलवायचा. त्या मान हलवण्यासाठी गुरुजी संध्याकाळ घालवत. "पेपर लेकरू देतं," ते म्हणायचे, "पण पास व्हायचं आसतं घराला."

अडचण यायची ती पातळीची. गुण सगळ्यांना कळत, पातळी कुणाला कळेना. गावात पातळी म्हणजे पाण्याची. तोच धागा गुरुजींनी धरला. गावाला जुनी बारव आहे, दगडी पायऱ्यांची, आणि उतरताना मधे चार टप्पे लागतात. "बारवंचे टप्पे हायेत का न्हाई चार? तशाच ह्या चार पातळ्या. लेकरू कोणच्या टप्प्याला हाय ते पेपर सांगतो." लोकांचे चेहरे एकदम मोकळे व्हायचे. बारव सगळ्यांना कळत होती.

दिगूभाऊंच्या घरीही त्यांनी असंच सांगितलं. दिगूभाऊंची मुलगी अश्विनी सातवीत होती. गणिताचा तास संपला तरी पाटीवरून नजर न काढणारी. तिच्या पाठीवरचा समाधान तेव्हा नुकता चालायला लागलेला. उसाच्या फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या खोपटात, त्याला सांभाळायला आणि भाकरी थापायला अश्विनीला न्यायचं ठरलेलं होतं. गुरुजी बसले ते बसलेच. शेवटी चुलीपाशी बसलेली अश्विनीची आत्या म्हणाली, "मी येते दादा तुमच्यासंगं. लेकराला मी बघते."

दिगूभाऊंनी मान खाजवली. "बरं गुरुजी. पेपरात चांगली निघाली तर ठिवतो. न्हाई निघाली तर कावून ठिवायची? उगं हितं बसून काय करंल?"

"ठिवतो म्हणला ना?"

"म्हणलो."

गुरुजी उठले.

निकाल आला तेव्हा दसरा तोंडावर होता. शाळेत चौथी पातळी एकट्या अश्विनीची. गुरुजींनी तिला जवळ बोलावून सांगितलं, "घरी सांग, चौथी पातळी आली. मी पाटोद्याहून आलो की येतोच." पाटोद्याला त्यांना प्रशिक्षणाला बोलावलं होतं. विषय होता, निकाल पालकांना कसा समजावून सांगावा.

ट्रक ठरल्यापेक्षा आधी आला. मुकादमाला कारखान्याचा निरोप होता म्हणे. सकाळी शाळेत अश्विनी दिसली नाही म्हणून मी पारापाशी गेले, तर ट्रकात बाजा, हंडे, सरपण चढलेलं आणि भावाला कडेवर घेऊन ती खाली उभी. मी गुरुजींना फोन केला. प्रशिक्षण टाकून ते कुणाच्या तरी मोटारसायकलवर आले. धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या. कुणाशी न बोलता ते ट्रकाकडे गेले, मागचा फाळका खाली सोडलेला होता, त्यावर चढून बसले. माणसं चढायची वाट तेवढी एकच.

"दिगू, पोरीला कावून घेतलंस?"

दिगूभाऊ पुढे आले. चिडलेले नव्हते, उलट अपराधी दिसत होते. "गुरुजी, तुमच्यासमोर खोटं कशाला बोलू? मी ठिवणारच व्हतो. पर तिचं पाणी चौथ्याला गेलं."

गुरुजींना आधी कळलंच नाही. मला कळलं, कारण त्या बारवेतून मी हंडे आणले होते. आमच्याकडे टप्पे वरून मोजतात. पाणी पहिल्याला असलं की बाया उभ्यानं घागर बुडवतात. दुसऱ्याला, तिसऱ्याला गेलं की गुडघे बोलायला लागतात. चौथ्याला गेलं म्हणजे तळ दिसला, आता टँकर. गुरुजी सिरसाळ्याकडचे, काळ्या, पाण्याच्या रानातले. शाळेच्या आवारात हातपंप होता. बारवेत ते कधी घागर घेऊन उतरलेच नव्हते. त्यांच्या मनात मूल तळापासून वर चढत होतं. कुठून मोजायचं ते सांगायला हवं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मी सांगितलं बापूला," अश्विनी म्हणाली. "चौथी चांगली असती म्हणून."

"आपलं वंगाळ निघालं असं कोणतं लेकरू सांगंल?" दिगूभाऊ म्हणाले.

गुरुजींचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते हळू आवाजात म्हणाले, "दिगू, खालून मोजायचं ते. चौथा म्हंजी सगळ्यात वरचा. तुजी पोरगी काठाला आलीय."

दिगूभाऊंनी बारवेच्या दिशेनं पाहिलं. मग त्यांनी विचारलं, आणि त्यात टोमणा नव्हता, ते खरंच विचारत होते, "खालून कोण मोजतं गुरुजी? तळाला कोण राहतंय?"

गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आता उमगलं मला," दिगूभाऊ म्हणाले. "पर बहीण दुसऱ्या टोळीत गेली, कर्नाटकात. पोरगी येणारच म्हणल्यावर मी तिला नको म्हणून सांगितलं. आता ह्या लेकराला फडात कुणापाशी ठिवू?"

"हितं ठिव. दोघांना ठिव."

"त्याला आजून अंगावरचं दूध लागतंय गुरुजी," अश्विनीची आई म्हणाली. "उठा. डायवर खवळायलाय."

"मी उठत न्हाई. वलांडून जा."

टोळीतली माणसं खाली उभी होती. मुकादम काहीतरी पुटपुटला, पण त्यानंही पाऊल उचललं नाही. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. मग अश्विनी पुढे आली. समाधानला तिनं एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "गुरुजी, उठा. तुमाला वलांडून जायला लावू नका मला."

गुरुजी उठले. "ठिवतो" हा शब्द न ऐकता उठलेलं मी त्यांना तेव्हाच पाहिलं. खाली उतरताना मी त्यांना हात दिला.

परत शाळेकडे जाताना ते बारवेपाशी थांबले. पाणी दुसऱ्या टप्प्याला होतं. बराच वेळ पाहून म्हणाले, "दिगूचं चुकलं न्हाई बाई. शब्द चुकला. पण तो शब्द त्याच्या घरात मीच नेला व्हता."

त्यानंतर ते बदलले असं लोक म्हणत. उंबऱ्यात बसायचे, पण पूर्वीसारखं ठासून नाही. कुणी आतून आलं की पाय आखडून वाट द्यायचे. आणि चाचणीचा विषय निघाला की सगळ्यात आधी विचारायचे, "तुमी बारवंचे टप्पे कुठून मोजता?" उत्तर ठाऊक असायचं, तरी प्रत्येक घरी विचारायचे. समोरचा म्हणाला, वरून, की म्हणायचे, "मग मी बी वरूनच सांगतो." आणि सगळ्या पातळ्या उलट्या करून सांगायचे. एका अधिकाऱ्यांनी हे ऐकलं आणि परिपत्रकात असं कुठं आहे, असं विचारलं. गुरुजी म्हणाले, "परिपत्रकात बारव न्हाई साहेब."

अश्विनी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला परत आली. एक दिवस वर्गात येऊन बसली. हाताच्या भेगांत काळं बसलेलं होतं. फळ्यावरचं उदाहरण तिनं सोडवलं, पण वेळ लागला, आणि वेळ लागला हे तिला कळत होतं. पुढच्या दसऱ्याला ती पुन्हा गेली. त्यानंतर एकदा गुरुजींनी तिच्या आईला वाटेत विचारलं तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "तिचा आता सोताचा कोयता हाय."

आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. म्हणजे तिचं लग्न उरकलं होतं. त्या दिवशी ते कुणाच्याच घरी गेले नाहीत.

निवृत्त होऊन ते सिरसाळ्याकडे गेले आणि तिकडेच वारले. निरोप आला तो ऐन हंगामात. मी शाळा सुटल्यावर सांगायला निघाले, तर सांगणार कुणाला? आळीच्या आळी कुलपात होती. ज्या ज्या उंबऱ्यात ते बसले होते, त्या उंबऱ्यांवर वाऱ्यानं पाचोळा आणून टाकला होता. दोन-चार म्हाताऱ्यांना सांगितलं. बाकी गावानं त्यांचं जाणं फोनवर, कुठल्या कुठल्या फडात ऐकलं.

आता दसऱ्याआधी मी फिरते. बाईमाणसानं उंबऱ्यात बसणं लोकांना आणखी खटकतं, पण बसते. आधी टप्पे कुठून मोजता ते विचारते आणि मग चाचणीचं सांगते. कधी "ठिवतो" मिळतं. पुष्कळदा मिळत नाही.

यंदा समाधानचं नाव पहिलीत आहे. दिगूभाऊंनी त्याला न्यायचं ठरवलंय असं कानावर आलं, म्हणून मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. अंगणात भांडी बांधून ठेवलेली होती. आणि उंबऱ्यात आधीच कुणीतरी बसलं होतं. अश्विनी. सासरहून आलेली, पदर कमरेला खोचलेला, पोटुशी. एक पाय घरात, एक पाय अंगणात. समाधान तिच्या मागे आत उभा होता.

मी जवळ गेले तशी तिनं वर पाहिलं. सरकली नाही.

"बाई, तुमी बाजंवर बसा," ती म्हणाली. "हितं मी हाय."

दिगूभाऊ आत होते. बाहेर यायला त्या घराला दुसरं दार नाही.