डोणगावचं न मागितलेलं वावर

आमच्या गावचा पांडू इंदूरला माझ्याच गिरणीत कामाला आहे, राहतोही माझ्याच खोलीत. मार्गशीर्षात तो गावाहून परत आला आणि चपला न काढताच बोलायला लागला.

"सुपडा, कंपनी येऊन राह्यली बे! मुंबईची, तेल-साबनाची. मुंबईत जशी मोठी कचेरी हाये, तशीच दुसरी इकडं काढते म्हने."

"कुठी?"

"तेच तं! सोनाळा, बीबी, नाईतं आपलं डोणगाव. साहेब सोता पाहाले येते. आन् ज्याची जमीन घेतीन त्याच्या एका पोराले नोकरी, असं सरपंच म्हनते. तुह्या बाबाचा मळा सडकेले लागून हाये. आता तरी समजलं का?"

समजलं. मी चौथीत शाळा सोडली. मग खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये राहिलो, भुसावळला हमाली केली, खंडव्यात हॉटेलात कपबशा धुतल्या आणि शेवटी इंदूरच्या कापडगिरणीत आलो. याचं बूड कुठंच टिकत नाही, असं माय म्हणते. पण डोणगावात पगाराचं काम असतं तर मी तिथून हललोच नसतो. माझी पाळी पांडूनं अंगावर घेतली आणि दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसलो.

इंदूरहून वऱ्हाडात जाणाऱ्यांना सांगतो, छोट्या लायनीनंच जा. वेळ लागतो, पण पैसा वसूल. पाताळपाणीला गाडी दरीच्या काठानं उतरते, तिथं खिडकी सोडू नका. नर्मदेचा पूल आला की सगळा डबा उठून पैसे टाकतो. मीही एक नाणं टाकलं आणि काय मागितलं ते सांगत नाही. खंडव्याला पोटभर खाऊन घ्या, पुढं जंगलात चहाशिवाय काही मिळत नाही. धूळघाटाला गाडी डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच रुळांवरून पलीकडं जाते. ज्या रुळांवरून आपण आलो ते खाली दिसतात. माझ्या शेजारी एक कासारीण होती, बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन. ती म्हणाली, "बापा, एवढं फिरून जिथं होतो तिथंच आलो की!" डब्यातले सगळे हसले.

अकोल्याला स्टेशनबाहेर गरम भजे मिळतात, सोबत तळलेली मिरची. तिथून वऱ्हाडातल्या मालेगावमार्गे मेहकरची एसटी धरायची. पातूरचा घाट चढताना गाडी इतकी कण्हते की आपणच खाली उतरून ढकलावं वाटतं. मालेगावच्या पुढं रस्ता सरळ आहे, दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली. डोणगाव आलं की डाव्या हाताला आमचा मळा. वांगी, मेथी, कोबी, बांधावर झेंडू. दरवेळी मी खिडकीतूनच पाहून घेतो आणि मग उतरतो.

या वेळी मळा दिसला नाही. मला वाटलं, आपण पुढं आलो. कंडक्टरला विचारलं तर तो म्हणाला, "डोणगावच हाये भाऊ, उतरा लवकर."

मळ्याच्या जागी सपाट काळी जमीन होती. बांधाला उपटलेल्या वांग्याच्या झाडांचा ढीग पडला होता, फळं अजून झाडांनाच लटकलेली, आणि गावातल्या चार गाई तो ढीग खात होत्या. बाबा विहिरीवर हातपाय धुवत होते.

"बाबा, हे काय केलं?"

"मोकळं केलं," बाबा म्हणाले. "उभ्या पिकात साहेब जमीन मांगन कसा? लाज वाटन ना त्याले."

बाहेरच्या वाचकांना हे सांगावं लागेल. आमच्याकडं उभ्या पिकाचं वावर, म्हणजे शेत, कोणी मागत नाही. जेवत्या माणसाचं ताट ओढल्यासारखं ते दिसतं. ज्याला घ्यायचं तो पीक निघेपर्यंत थांबतो, आणि ज्याला द्यायचं तो वावर मोकळं करून ठेवतो. रानात काही नसलं की समजायचं, हा माणूस 'मागा' म्हणतो. तोंडानं काही बोलावं लागत नाही. पण वांगं ऐन भरात, आणि साहेबाला वाट पाहायला लावायची नाही, म्हणून बाबांनी झाडांनाच वाट मोकळी करायला लावली.

माय भाकरी थापत होती. ताटात ठेचा आणि त्याच ढिगातल्या वांग्यांचं भरीत. मी म्हणालो, "माय, तू तरी अडवायचं."

"अडवू काऊन? म्याबी उपटले," ती म्हणाली. "रोजचं बाजाराचं टोपलं जाते तं जाऊ दे. तू घरी येतं ना."

मी भरीत बाजूला सारलं. पण खरं सांगतो, मनातून मीही खूष होतो. कचेरीच्या फाटकावर पहारेकरी म्हणून कुठं उभं राहायचं ते मी त्या रात्री ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी गावानं सडकेवर केळीचे खांब बांधले, मेहकरहून वाजंत्री आणली. सोनाळ्याचं नाव तोपर्यंत कटलं होतं. ते डोंगराला टेकलेलं, मोठ्या सडकेपासून लांब, असं सरपंच सांगत होते. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं, पागोटं बांधलं आणि बांधावर जाऊन उभे राहिले. जीप आली. मोठे साहेब उतरले, वयस्कर, शांत माणूस. मागून एक चष्मेवाले कारकून. त्यांची बोली पुण्याची.

साहेबांनी एक ढेकूळ उचललं, बोटांत चुरलं, चारी बाजूंना पाहिलं.

कारकून म्हणाले, "इथं काहीच पिकत नाही का हो?"

"पिकत नाई?" सरपंच हबकले. "साहेब, इथचे वांगे अकोल्याले जाते!"

"मग कुठं आहेत?"

"उपटले."

"कशासाठी?"

"तुमच्यासाठी."

कारकून हसायला लागले. "आमच्यासाठी? आम्ही काय वांगी मागवली होती?"

वाजंत्रीवालेही हसले. मला राहवलं नाही. मी पुढं झालो आणि म्हणालो, "साहेब, आमच्यात उभ्या पिकाची जमीन मांगत नाई. तुमाले मांगता यावं म्हून बाबांनी मळा मोकळा केला. पाहा ना, विहिरीले पानी हाये, दिसून राह्यलं."

"दिसून राह्यलं!" कारकुनांनी माझ्या बोलण्याची नक्कल केली आणि साहेबांकडं पाहून मान हलवली.

साहेब मात्र हसले नाहीत. विहिरीत वाकून पाहिलं आणि सावकाश म्हणाले, "या दिवसांत पाणी सगळ्याच विहिरींना असतं. पण ज्याच्या विहिरीचं पाणी उन्हाळाभर पुरतं, तो फळाला आलेलं पीक उपटेल कशाला? काहीतरी खोट असल्याशिवाय कोणी असं करत नाही."

त्यांचं काही चुकलं, असंही मला म्हणता येत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं.

बाबा बांधावरून हलले नाहीत. साहेब त्यांच्या समोरून गेले, नमस्कार केला, जीपमध्ये बसले. धूळ खाली बसल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "त्यानं मांगितलंच नाई."

एक दिवस असाच गेला. मग बाबांनी मला बीबीला धाडलं. "जा, पाहून ये. तठी काय म्हने तं."

डोणगाव ते बीबी एकच सडक. मेहकर, सुलतानपूर, बीबी. एसटी मिळाली तर फार वेळ लागत नाही, मिळाली नाही तर सरकीच्या मालमोटारीवर बसा, पाठीला टोचते पण पोचवते. बीबीला बाजाराचा दिवस होता. सडकेच्या कडेला मळे जसेच्या तसे, हिरवेगार. मेथीवर पाणी चमकत होतं. म्हटलं, झालं, यांनी मारली बाजी.

हॉटेलात चहा घेतला. हॉटेलवाल्यानं विचारलं, "कुठले पाव्हणे?"

"डोणगावचा."

"आरं देवा! ज्यांनी वांगे उपटले ते?" सगळं हॉटेल खदखदलं. जीपच्या डायवरनं ती गोष्ट तिथं सांगितली होती.

"हसा, हसा," मी म्हणालो. "तुमाले भेटली ना कचेरी."

हसणं थांबलं. एक म्हातारा बशी खाली ठेवून म्हणाला, "आमाला काय भेटतं, बाबा. साहेब मळ्यात उभा राहिला, मेथी तोडून हुंगली, आन् म्हणला कसा, एवढी चांगली जमीन, इथं कचेरी बांधून तिचा नास कशाला करायचा? तुम्ही शेतीच करा."

"मग डोणगावला जाता का, असं इचारलं मी," हॉटेलवाला म्हणाला. "तर म्हणला, तिथं तर काहीच नाही."

त्यानं माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. बीबीचं मी एवढंच पाहिलं. जाणाऱ्यांनी लोणारचं तळंही पाहावं, तिथून जवळ आहे. मला काही पाहायची इच्छा उरली नव्हती. आम्ही रिकामं केलं म्हणून नको, त्यांनी भरलेलं ठेवलं म्हणूनही नको. मग काय केलं असतं म्हणजे चाललं असतं, हे मी सबंध परतीच्या रस्त्यात शोधत होतो. सुलतानपूर गेलं, मेहकर गेलं, सापडलं नाही.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. बाबा ऐकत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून विसरता येत नाही. ते हसले.

"म्हंजे बीबी कटली," ते म्हणाले. "सोनाळा कटला, बीबी कटली. आता राह्यलं कोन? आपनच ना!"

"बाबा, तो येत नाई आता."

"तुले काय मालूम? मोठे लोक एका खेपेत मांगत नाई."

निघायच्या दिवशी मी त्यांना मेथी तरी टाका म्हणालो, महिनाभरात निघेल, मायला टोपलं होईल. बाबांनी माझ्याकडं वेड्यासारखं पाहिलं. "आन् त्यातच साहेब आला तं?"

माय फाट्यापर्यंत आली. एसटीत चढताना ती म्हणाली, "त्यायले काही म्हनू नोको. तुह्यासाठीच करून राह्यले." धूळघाटाला पुन्हा तोच वळसा आला, मी खिडकीकडं पाठ करून बसलो.

इंदूरला येऊन आता बरेच महिने झाले. गिरणीचा भोंगा वाजतो, मी जातो. कंपनीची दुसरी कचेरी शेवटी कुठं झाली, झाली की नाही, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही. होळीला पांडू गावी जाऊन आला. त्यानं सांगितलं, मळा तसाच आहे. बाबा रोज सकाळी जातात, उगवलेलं गवत उपटतात, ढेकळं फोडतात, मोकळ्या जमिनीची निंदणी करतात. माय दुसऱ्याच्या वावरात रोजानं जाते.

हा रस्ता चांगला आहे. घाट, नर्मदा, भजे, सगळं सांगितलंच आहे, तुम्ही जरूर जा. फक्त एक करा. डोणगाव आलं की डाव्या हाताला सडकेला लागून एक स्वच्छ, काळं, रिकामं वावर दिसेल. तिथं गाडी थांबवू नका, पाणी प्यायलासुद्धा नाही. इस्त्रीचे कपडे अंगावर असतील तर मुळीच उतरू नका. माझे बाबा धोतर सावरून बांधावर येऊन उभे राहतील, आणि तुम्ही काही मागेपर्यंत तिथून हलणार नाहीत.