साबणानं धुतलेला दात
काल कपाट आवरताना काडेपेटीत लेकीचा पहिला दुधाचा दात सापडला, आणि माहेरच्या, कुरुंद्याच्या अंगणातला ताज्या शेणाचा वास एकदम नाकात शिरला. ती सहा वर्षांची असताना दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी तिथं गेलो होतो. लहानपणच्या गोष्टींतले नायक जिवंत होतात, असं एक कार्टून लेकीनं माझ्या मोबाइलवर तीनदा पाहिलं होतं. त्यातली परी उशीखालचा दात न्यायची आणि भेट ठेवायची. दुसऱ्याच दिवशी हिचा दात पडला. माझे वडील गोठ्यातून शेणाचा गोळा घेऊन आले. "आण बाई तो दात. शेणात घालून पत्र्यावर फेकू. उंदीर नेतो, अन् त्याच्यासारखे पक्के दात देतो." लेक "शी!" करून माझ्यामागं लपली. मीही नाक मुरडलं. "आबा, काहून घाण लावून राहिले लेकराला?" दात साबणानं धुतला, तिच्या उशीखाली ठेवला आणि भेट ठेवायची साफ विसरले. सकाळी लेक रडत आबांकडे गेली. "परी आलीच नाही. तुमच्या उंदराला द्या." आबांनी दात हुंगला आणि माझ्या हातावर ठेवला. "आता उंदीरबी यायचा न्हाई. साबणाचा वास त्याला चालत न्हाई," एवढंच बोलून ते गोठ्यात गेले. आता आबा नाहीत. लेकीला दात दाखवला, तर तिला ती परी आठवली, परीची चमचमती पिशवीसुद्धा आठवली. "आणि आबा?" मी विचारलं. "शेणाचे हात असायचे ते ना?" ती म्हणाली, आणि तिनं नाक मुरडलं.